आधी बोट ठेव, कुठे दुखतंय

मावशींनी साताऱ्याकडच्या उपकेंद्रांवर नर्सबाई म्हणून सगळी नोकरी काढली. त्यांची भाची पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. मावशींच्या सुनेला आठवा लागलाय, ३१वा आठवडा. डाव्या कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून उतरणारी कळ तिला रात्री कूस बदलू देत नाही. डोहाळजेवणाला दोन तास पाटावर मांडी घालून बसवलं, तेव्हापासून जिना उतरतानाही कठडा धरावा लागतो. भाची तिला भेटायला आली आणि चहा उकळायच्या आत मावशी-भाचीची जुंपली. मी शेजारीण. गवार मोडायला म्हणून बसले होते, ती संपली तरी उठले नाही.

मावशी : सायटिका! हिनं मोबाईलवर वाचलं आणि दुखणं दुपटीनं वाढलं. पोट पुढे आलं की कंबरेवर ताण येतो, ती दुखणारच. माझ्या हाताखाली शेकड्यांनी बाळंतपणं झाली, कंबर दुखत नाही म्हणणारी विरळाच. बाळ झालं की जातं. त्याचं एवढं काय स्तोम?

भाची : बहुतेकींचं जातं, कबूल. पण अजून नऊ आठवडे आहेत. तेवढे दिवस झोप नाही आणि मग बाळंतपणाच्या कळा सोसायच्या, हे तुला चालतं? आणि सायटिका म्हणायला माझाही विरोध आहे, पण तो वेगळ्या कारणानं. सायटिका म्हणून माझ्याकडे येणाऱ्या गरोदर बायकांत खरी सायटिका क्वचितच निघते.

मी : म्हणजे नस दाबली गेलेली नसते?

भाची : सायटिक नस ही शरीरातली सगळ्यात जाड नस, बोटाएवढी. कंबरेचे शेवटचे मणके आणि त्याखालचं त्रिकोणी हाड, तिथून तिची मुळं निघतात. मग ती कुल्ल्यातल्या स्नायूखालून मांडीच्या मागे उतरते आणि गुडघ्यापाशी दुभंगून पावलापर्यंत जाते. तिचं मूळ दाबलं गेलं तर दुखणं गुडघ्याखाली उतरतं, पोटरीत, पावलात. मुंग्या येतात, बधिरपणा येतो, खोकलं-शिंकलं तरी वीज गेल्यासारखं होतं. गरोदरपणात मणक्यांमधली गादी सरकून असं व्हायचं प्रमाण दहा हजारांत एक असं सांगतात. पण कटीचे सांधे दुखायचं प्रमाण पाचांत एक. आणि त्या सांध्याचं दुखणंही कुल्ल्यात, मांडीच्या मागे जातं. म्हणून दोन्हीला एकच नाव पडतं आणि उपाय चुकतात.

मावशी : पण बाळ नसेवर बसलंय असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या म्हणे.

भाची : समजूत काढायला म्हणाल्या असतील. ३१व्या आठवड्यात बाळ पुढे आहे आणि नस जाते कुल्ल्याच्या मागून. तिची मुळं कटीच्या आतल्या अंगानं येतात हे खरं. शेवटी डोकं खाली उतरलं की तिथे दाब पडू शकतो. पण फक्त कूस बदलताना आणि जिन्यावर येणारी कळ असेल, तर आळ बाळावर का घ्यायचा?

मावशी : मग संप्रेरकांवर घे. हाडांचे सांधे सैल होतात, ते तर आम्हालाही शिकवलं होतं.

भाची : रिलॅक्सिन. सगळं त्याच्याच माथी मारतात. पण ते सर्वांत जास्त असतं पहिल्या तीन महिन्यांच्या शेवटी, आणि बायकांचं दुखणं बहुधा त्यानंतर सुरू होतं. रक्तात ते जास्त म्हणून दुखणं जास्त, असा मेळ अभ्यासांत नीट बसलेला नाही. वजन, पोटाचे ताणलेले स्नायू, आधीची पाठदुखी, दिवसभर उभं राहणं, सगळं मिळून होतं ते. वहिनी, इकडे ये बरं. आधी बोट ठेव, कुठे दुखतंय.

सुनेनं पदर बाजूला केला आणि क्षणभरही न चाचपडता डाव्या बाजूला, कंबरेखाली जिथे खळी पडते तिथे एकच बोट टेकवलं. मग भाचीनं तिला टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं. पायाचा अंगठा वर उचल म्हणाली आणि स्वतःच्या हातानं तो खाली दाबत राहिली. अंगठा हटला नाही. दोन्ही पावलांवरून कापसाचा बोळा फिरवला, सारखाच जाणवला. डाव्या एका पायावर उभं राहायला सांगितलं तेव्हा मात्र सुनेनं भिंत धरली आणि तोंडातून ‘आई गं’ निघालं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. इतके दिवस घरात बाम, शेक, पट्टा, काढा सगळ्याची चर्चा झाली होती. बोट ठेव असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

भाची : गुडघ्याखाली काही नाही, ताकद शाबूत आहे, स्पर्श शाबूत आहे. हा सांधा दुखतोय, आणि त्याला सांभाळायला कुल्ल्याचा स्नायू आखडून बसलाय. तो आखडलेला स्नायू नसेलाही थोडा चिमटा देत असेल. पण कंबरेची गादी सरकल्याची लक्षणं यात नाहीत. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना सांगायचंच, पण घाबरायचं नाही.

मावशी : मी काय वेगळं सांगत होते?

भाची : तू सोस म्हणत होतीस.

मावशी : सोस म्हणजे हातपाय गाळून बसू नको. पोटुशी बाई खाटेवर पडली की आणखी आखडते, हे मी तुझ्या आधीपासून बघतेय.

इथे मावशींच्या पारड्यात वजन टाकलंच पाहिजे. कंबर दुखली की पूर्ण विश्रांती हा सल्ला डॉक्टरांनी पिढ्यान्‌पिढ्या दिला आणि आता तो मागे घेतलाय. २०१५ साली कोक्रेनच्या आढाव्यात गरोदरपणातल्या कंबरदुखीवरचे ३४ अभ्यास एकत्र तपासले गेले, पाच हजारांहून जास्त बायका त्यांत होत्या. पुरावा फार भक्कम नव्हता, तरी कंबरदुखीत व्यायामानं दुखणं आणि अडलेपण कमी होतं, असाच त्याचा कल निघाला. भाचीनंही हेच सांगितलं, हातागुडघ्यांवर ओणवं होऊन करायचा एक व्यायामही सुचवला, आणि मावशींचा चेहरा खुलला. तो आनंद फार वेळ टिकला नाही.

मावशी : म्हणून तर मी हिला रोज फरशी पुसायला सांगते. बसून पुसली की कटी मोकळी होते, बाळंतपण सुखाचं होतं.

भाची : हिचं ते बंद कर. आजपासून.

मावशी : का? मघाशी तूच तिला हातागुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ वर-खाली करायला सांगितलीस. फरशी पुसताना वेगळं काय करते ती?

भाची : ओणवं होणं चांगलंच. पोटाचा भार कंबरेवरून उतरतो. पाठ मांजरासारखी वर घ्यायची, मग सरळ करायची, खाली झोळ पाडायचा नाही. आठ-दहा वेळा, श्वास सोडत. पण फरशी पुसताना एक हात लांब, कंबर पिळलेली, मग उकिडवं बसून सरकायचं, मग भरलेली बादली एका हातानं उचलायची आणि ओल्या फरशीवर उठायचं. जो सांधा एका बाजूचा भार घेत नाही, त्यालाच तू सगळं करायला लावतेस. आणि फरशी पुसल्यानं बाळंतपण सोपं होतं याला काही आधार नाही.

मावशी : आमच्या अनुभवाला आधार नाही?

भाची : फरशी पुसणाऱ्यांची सुखरूप झालेली बाळंतपणं तुझ्या लक्षात राहिली. पुसत असूनही अडलेल्या बायका कुणी मोजल्या?

(मावशींनी उत्तर दिलं नाही, पण पटलं असंही म्हणाल्या नाहीत. माझ्या मते हा मुद्दा त्या घरात मिटलेला नाही.)

मी : मग करायचं काय? चालायचं की नाही?

भाची : चालायचं. लहान पावलं, सपाट जमीन, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा-तीनदा. दुखणं वाढायच्या आत थांबायचं. खुर्चीवर बसून डाव्या पायाचा घोटा उजव्या गुडघ्यावर ठेवायचा, पाठ ताठ ठेवून किंचित पुढे झुकायचं, कुल्ल्यात ताण आला की तिथेच थोडं थांबायचं. पुढच्या सांध्यात, म्हणजे ओटीपोटाखाली हाडावर दुखलं तर हा प्रकार सोडायचा. पोहण्याचा तलाव जवळ असेल तर पाण्यात चालण्यासारखं दुसरं सुख नाही. पण वहिनी, व्यायाम दिवसात अर्धा तास होणार. उरलेल्या साडेतेवीस तासांत तू काय करतेस त्यावर सगळं आहे. सलवार घालताना उभं राहून एका पायावर तोल सांभाळायचा नाही, पलंगावर बसून घालायची. जिन्यावर एक-एक पायरी, दोन्ही पाय एकाच पायरीवर आणत. रिक्षात आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. मांडी घालून जेवायला बसणं बंद. आणि झोपताना…

मावशी : डाव्या कुशीवर. ते मी पहिल्या दिवसापासून सांगितलंय.

सून : आई, डावीकडेच तर दुखतं. डाव्या कुशीवर दहा मिनिटांत ठणका लागतो. उजवीकडे वळले की तुम्ही ओरडाल म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहते.

हे वाक्य ऐकून मावशी गप्प झाल्या. सासू काही छळवादी नाही. डाव्या कुशीचा नियम त्यांनी प्रशिक्षणात पाठ केला आणि प्रत्येक पोटुशीला सांगितला. पण नियम पाळणारीचा दुखरा कुल्ला डावाच आहे, हे त्यात बसत नव्हतं.

भाची : २८ आठवड्यांनंतर उताणं झोपी जायचं नाही, कुशीवर झोपायचं, एवढं महत्त्वाचं आहे. कूस डावी की उजवी यानं बिघडत नाही. रात्री जाग आली आणि उताणी असलीस तर घाबरायचं नाही, पुन्हा वळायचं. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, आणि ती घोट्यापर्यंत हवी. नुसती गुडघ्यात ठेवली तर खालचं पाऊल लोंबतं आणि कुल्ला पिळतो. दोन-अडीच हजारांची गरोदरपणाची उशी आणायची गरज नाही. घरात वाकळ असेल ना?

मावशी : दोन आहेत. माझ्या आईच्या हातच्या.

भाची : एकीची लांब गुंडाळी कर, वर चादर बांध. कूस बदलताना गुडघे जुळलेले, श्वास सोडत, खांदा आणि कंबर एकदम वळवायची. आणि कंबरेखाली एखादी जुनी सिल्कची साडी घडी घालून अंथर. अंग घसरतं, ओढावं लागत नाही. साडीच्या दुकानात कामाला आहेस, एवढं तर मिळेल.

मग शेक आणि मालिश. निर्गुंडीचा पाला तव्यावर गरम करून कापडात बांधून शेकायचा, हे मावशींचं. भाचीला त्यात काही वावगं दिसलं नाही: कुल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटं, आधी आपल्या मनगटावर धरून बघायचं, पोटावर नाही. गरम पाण्याची पिशवीही चालेल. मालिशवालीनं सुनेला कुशीवर निजवून हलक्या हातानं कंबर-कुल्ला चोळावा, पोटरी रगडू नये, पाय ओढू नये, कंबर कडकन मोडू नये. पलीकडच्या आजी तर पायाळू माणूस आणून कंबरेला पाय लावून घ्या म्हणून बसल्या होत्या. त्यांना मावशींनीच वाटेला लावलं होतं. मात्र एरंडेलावरून पुन्हा ठिणगी पडली.

मावशी : सांधे धरले की चमचाभर एरंडेल सुंठीच्या काढ्यातून, हे माझी सासू द्यायची.

भाची : तुझ्या सासूबाई म्हाताऱ्या माणसांना देत असतील. आठव्या महिन्यात एरंडेल पोटात गेलं तर जुलाब होतील आणि गर्भाशयाला कळा सुरू होऊ शकतात. दिवस भरल्यावर कळा आणायला पूर्वी तेच पाजायचे की.

मावशी : पाजायचे. दिलं नाही अजून, विचारतेय फक्त. आणि मलाही तुला एक विचारायचंय. तुझा भाऊ मेडिकलमधून जेलची ट्यूब घेऊन आला, दुखण्यावर चोळायची. मी ती कपाटात टाकून कुलूप लावलं. सांग हिला का.

भाची : डायक्लोफेनॅक असेल त्यात.

मावशी : होतंच. उपकेंद्रावर कंबरदुखीच्या म्हाताऱ्यांना मी त्या औषधाची सुई रोज टोचलीय. पण पोटुशीला कधीच नाही.

भाची : बरोबर केलंस. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही सगळी एका जातीची. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये २०व्या आठवड्यापासूनच ती टाळायला सांगितली. बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. जेल अंगाला लावलं तरी थोडं रक्तात जातं. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून, कमीत कमी दिवस. आणि तू हिला बांधलेला तो पट्टा दाखव. हा कंबरेचा, पोटावरून आवळणारा. हिला लागतो तो अरुंद, पोटाच्या खालून, खुब्यांच्या हाडांवरून जाणारा. चालताना लावायचा, झोपताना काढायचा. लावून बरं वाटलं तर ठेवायचा, नाही तर सोडून द्यायचा.

औषधं-पट्ट्यांवर समेट झाल्यावर मी सहज विचारलं, की धावत दवाखाना गाठावा असं यात काही असतं का. तेव्हा मावशी सावरून बसल्या आणि भाची ऐकायला लागली.

मावशी : असतं, आणि तिथे मी सोस म्हणत नाही. मांड्यांच्या मध्ये, बसतो त्या जागेवर बधिर झालं, लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, पाऊल उचलेना, दोन्ही पायांत एकदम कळ गेली, तर सकाळची वाट बघायची नाही. कंबर ठरावीक वेळानं दुखते आणि सुटते, बरोबर पोट कडक होतं, आणि ३७ आठवडे भरलेले नाहीत, तर ती कंबरदुखी नाही, कळा आहेत. अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं तरी तेच. ताप, थंडी आणि कुशीत दुखणं म्हणजे मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग असू शकतो. आणि एक पोटरी सुजली, लाल झाली, गरम लागली तर चोळायची नाही. रक्ताची गुठळी असू शकते. गरोदरपणात ती जास्त करून डाव्याच पायात धरते. हिचा डावा पाय दुखतोय म्हटल्यावर मी पहिल्यांदा टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या. सारख्या आल्या, मगच कंबर दुखतेय म्हणून गप्प बसले.

भाची : मावशी, हे मला फोनवर का नाही सांगितलंस?

मावशी : तू विचारलंस कुठे? तू व्यायामाचे व्हिडिओ पाठवलेस.

सून : मी एक बोलू का? व्हिडिओ बघते, शेकही घेते. पण दुकानात नऊ तास उभी असते. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, मालकांना ते आळशीपणाचं वाटतं. संध्याकाळी घरी येते तेव्हा पाय माझा नसतो. तिथलं काही बदललं नाही तर वाकळेची गुंडाळी काय करणार?

भाचीकडे यावर पटकन उत्तर नव्हतं. म्हणून मी तोंड घातलं. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा, २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलेला. त्याच्या चौथ्या कलमात होतं आणि संहितेतही आहे, की अपेक्षित बाळंतपणाच्या सहा आठवडे आधीच्या महिन्याभरात बाईनं मागणी केली तर तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहायचं काम देता येत नाही. ३१वा आठवडा नेमका त्याच महिन्यात पडतो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांना हे लागू आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली, त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात. हे सगळ्यांना माहीत असतं. बसण्याचं कलम कुणाला ठाऊक नसतं. केरळातल्या कापडदुकानांतल्या बायकांनी तर गरोदर असण्या-नसण्यापलीकडे जाऊन, कामावर बसता यावं म्हणून लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथला कायदा बदलून घेतला. लावणीत वाकणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बायकांना यातलं काही लागू होत नाही, हे मावशींनी लगेच ऐकवलं. त्यांना लंगडत चालणाऱ्या अशा कितीतरी जणी आठवत असणार.

मावशी : त्यांना मी म्हणायचे, ९ तारखेला सरकारी दवाखान्यात या, मोफत तपासणी असते. यायच्या. दुखतं म्हणायच्या. गोळी घेऊन पुन्हा कामावर. मी तरी काय सांगणार होते, पलंगावर बसून सलवार घाल म्हणून?

भाची : वहिनी, मालकांना लेखी दे. डॉक्टरांची चिठ्ठी जोड. उंच स्टूल मागून घे, एक पाय टेकायला खाली पाटही. तासाभरानं पाच मिनिटं चालायचं. गठ्ठे वरच्या फळीवरून तू काढायचे नाहीत.

सून : आणि बाळंतपणात? तेव्हा पाय फाकवायला सांगतील. तिथेच चमक भरली तर?

मावशी : आमच्या वेळी टेबलावर पाय वर अडकवून ठेवायचे, दुखो न दुखो. कळांच्या भरात बाईला कळत नाही. नंतर कळतं. काही जणी महिना-महिना लंगडत असायच्या आणि आम्ही वाऱ्याचं दुखणं म्हणायचो.

भाची : आता आधीच ठरवता येतं. उताणी झोपून नाही, पलंगाच्या कडेला बसून गुडघे हळूहळू लांब करायचे. न दुखता किती जातात ते अंतर मोजायचं. तेवढ्याच मर्यादेत पाय ठेवायचे, हे तिथल्या नर्सला आणि डॉक्टरांना सांगून ठेवायचं. कुशीवर किंवा हातागुडघ्यांवरही बाळंतपण होतं. पाठीत भूल द्यायची झाली तरी या सांध्याच्या दुखण्यामुळे ती अडत नाही, पण भूलतज्ज्ञांना आधी सांगायचं, कारण भूल असताना पाय जास्त ताणला गेला तर हिला कळणार नाही. नंतर काही आठवड्यांत बहुतेकींचं उतरतं. तीन महिन्यांनीही राहिलं तर माझ्याकडे ये, सव्वा महिना खाटेवर पडून बरं होईल म्हणून थांबू नको.

मावशींनी शिवणाच्या डब्यातून टेप आणला. सून पलंगाच्या कडेला बसली, भाचीनं गुडघ्यांच्या मध्ये टेप धरला आणि आकडा सांगितला. मावशींनी चष्मा लावून तो तपासणीच्या फाईलच्या पहिल्याच पानावर, रक्तगटाच्या खाली, लाल पेनानं लिहिला.

मावशी : तोंडी सांगितलं तर ड्युटी बदलली की विसरतात. मीही विसरायचे. आणि कोण गं तो तुमच्या दुकानाचा मालक? त्याचा नंबर दे.

सून : आई, तुम्ही नका बोलू. मी देते लेखी.

मावशी : दे. उद्याच दे. फरशीचं मी बघते.